आधी ओरड, मग आग

त्या राज्यात घरं गवताची होती आणि सत्ता घारींची होती. घारींची शिकारीची रीत जुनी. पेटती काटकी पंजात धरून आणायची, कुरणात टाकायची आणि धुराने बाहेर पळणारे उंदीर-टोळ टिपायचे. एका उन्हाळ्यात, भरदुपारी, ती काटकी सुगरणींच्या नगरावर पडली. संध्याकाळपर्यंत बाभळींचे काळे खुंट तेवढे उरले.

नदीकाठच्या खडीत राहणाऱ्या टिटवीने धूर सर्वांत आधी पाहिला होता आणि घसा फाटेस्तोवर ओरडून नगर उठवलं होतं. त्या धावपळीत तिची स्वतःची अंडी भाजून निघाली. एकच वाचलं. त्यातून पिल्लू बाहेर आलं आणि दुसऱ्याच दिवशी चौकशी बसली.

न्यायासनावर बगळा होता. सगळं नगर काळं पडलेलं असताना त्याच्या पंखांना राखेचा कणही लागला नव्हता, याचं मंडळींना केवढं कौतुक! वर घारी घिरट्या घालत होत्या, त्यामुळे काटकीचा विषय कोणी काढला नाही.

साक्षीला सुगरण आली. तिची पिल्लं टिटवीच्या ओरडण्यामुळेच वाचली होती.

"खोटं कशाला बोलू, महाराज? मी झोपले तेव्हा आग नव्हती. हिची ओरड ऐकून उठले, तर दारात जाळ!"

"म्हणजे आधी ओरड, मग आग," बगळा म्हणाला. "टिटवीचा आवाज अशुभ, हे वाडवडील उगाच सांगत नव्हते."

निकाल लागला. जन्मभर चोच मिटून राहायचं, नाहीतर जळक्या माळापलीकडे चालतं व्हायचं. माळावर पाण्याचा टिपूस नव्हता आणि पिल्लाला उडता येत नव्हतं. टिटवीने मान खाली घातली.

परतताना सुगरण तिच्या कानाशी लागली. "रागावू नकोस गं. मला पुन्हा इथंच घर बांधायचंय."

टिटवीला तिचा राग आला, आणि कीवही आली.

पुढे त्याच खुंटांना पालवी फुटली आणि त्याच वाळक्या गवताची घरं पुन्हा लोंबू लागली. टिटवी पिल्लाला एकच गोष्ट शिकवत राहिली. त्याने आवाज काढायला चोच उघडली की ती टोच मारायची. मिटली की त्याच्या मानेवरून हळूच चोच फिरवायची. पहिल्यांदा टोच मारली तेव्हा तिने लगेच त्याला पंखाखाली घेतलं. मग सवय झाली.

पुन्हा उन्हाळा आला. दुपारी नगर निजलेलं होतं. पाण्याच्या कडेला खेळणारं पिल्लू एकाएकी थबकलं. पलीकडच्या बाभळीतून धुराची बारीक रेघ वर चढत होती. पिल्लाचा गळा थरथरला, चोच अर्धी उघडली.

मग त्याने ती घट्ट मिटली, तुरुतुरु आईजवळ आलं आणि शाबासकीसाठी मान पुढे केली.