पूजेला बसलेला पाना

“माझ्यावर कुणी विश्वासच ठेवत न्हाई!” असं एक बाई भर चौकात, कमरेवर हात ठेवून ओरडत होती. फार वर्षं झाली त्याला. गाव कुठलं ते विचारू नका, राजा कोण होता तेही विचारू नका. ती का ओरडत होती, तेवढं ऐका.

त्या गावात घरोघर झेंडू पिकायचा. पण झेंडू नेणारा ट्रक अख्ख्या गावात एकच होता, जुना, डिझेलवर चालणारा. खंडेनवमीला दुपारी त्यात फुलं भरायची. दिवस मावळायच्या आत ट्रक निघायचा आणि दसऱ्याच्या सकाळी शहराच्या बाजारात उभा राहायचा. निघायला उशीर झाला तर त्या फुलांचं खतच. दसरा सरला की झेंडूला कोण विचारतं?

बाई हार करायची. ट्रकच्या कपाळाला हार आणि पुढे लिंबू-मिरची बांधायचं काम तिचं. जीभ मात्र तिखट. दुधात पाणी आहे, मापात खोट आहे, हे ती ज्याचं त्याच्या तोंडावर सांगायची. बहुतेक वेळा ते खरंच निघायचं. पण खरं बोलणाऱ्या बाईला गाव भांडखोर म्हणतं. तुमच्या गावात वेगळं असेल तर तुम्ही नशीबवान.

त्या खंडेनवमीला सकाळी मिस्त्रीने ट्रकची नेहमीची देखभाल केली. ऑइल बदललं, डिझेलचा फिल्टर बदलला. मग रिवाजाप्रमाणे त्याची सगळी अवजारं पुसून पाटावर मांडली गेली. मांडायचा मान गावच्या कारभाऱ्याचा. एकदा अवजाराला कुंकू लागलं की दुसरा दिवस उजाडेपर्यंत ते हलवायचं नाही. हलवलं तर वर्षभर हाताला यश नाही, असं सगळे मानत.

पूजा झाली. फुलं भरून झाली. ड्रायव्हर वर चढला आणि त्याने किल्ली फिरवली.

घरघर, घरघर. इंजिन फिरलं, पण चालू काही होईना.

“काल तर एका हाकेत उठला हुता,” ड्रायव्हर म्हणाला. “बॅटरीत दम हाय. फिरवतीया जोरात.” तो उतरून मागे गेला आणि धूर निघायच्या नळीशी हात धरून बसला. “धुराचा पत्ता न्हाई. म्हंजी इंजिनात डिझेल पोचतच न्हाई. बॉनेट उघडून बघतो.”

“काय गरज न्हाई,” कारभारी म्हणाला. “मिस्त्रीनं सगळं केलंय. पूजा झालीया. आता त्यात हात घालायचा न्हाई. बाहेरचं कोन काय करून गेलं, ते बघा.”

झालं! संशयाला एवढंच आवतण पुरतं.

कुणी म्हणालं, डिझेल चोरलं. टाकी बघितली, तर भरलेली. कुणी म्हणालं, डिझेलात पाणी मिसळलं. बाटलीत काढून उन्हात धरलं, तर निवळशंख.

“मग पल्याडच्या गावाचं काम असंल,” एकजण म्हणाला. “त्यांचा बी झेंडू बाजारात जातोय. काय रं, तुझी भन तिकडंच दिलीया न्हवं?”

“अन् तुझी सासुरवाडी कुठं हाय? गेल्या बाजारी जावईबापू कुठं मुक्कामाला हुते?”

कालपर्यंत एका पंगतीला बसणारी माणसं एकमेकांच्या हातांकडे बघायला लागली. ज्याच्या बोटाला काळं, तो चोर. ज्याची बोटं स्वच्छ, त्याने धुतली असणार!

कारभाऱ्याची नजर फिरत फिरत ट्रकवरच्या हारावर थांबली.

“हार कुणी बांधला?”

“ह्या बाईनं.”

“लिंबू?”

“तिनंच की.”

“मग हिकडं तिकडं कशाला हुडकताय? हिचीच नजर लागली.” त्याने उपरणं खांद्यावर सारखं केलं आणि निवाडा देऊन टाकला. “दिस मावळायच्या आत ट्रक हलला तर ठीक. न्हाई हलला, तर ज्याच्यामुळं अडला त्यानं उद्या गाव सोडायचं. कुनी का असंना.”

कुणी का असंना म्हणाला, पण बघत होता बाईकडे. सगळेच बघत होते. तिचं त्या गावात एक खोपट होतं आणि दारात अबोलीचा वाफा. नवरा गेलेला, माहेर बुडालेलं. गाव सोडून ती जाणार कुठे?

बाई उठली. “नजर लावायला मला सवड कुठाय? म्या सकाळपास्नं हितंच हार ववत बसले हुते. मिस्त्री त्या फिल्टरशी खटपट करत हुता. तुमी आलात, त्याच्या हातातला पाना वढून घेतलात. त्यो वरडला, ‘कारभारी, फिल्टरचा आटा आवळायचा ऱ्हायलाय!’ तुमी म्हनालात, ‘मुहूर्त चाललाय, हातानं आवळ.’ खरं का खोटं?”

“खोटं!” कारभारी कडाडला. “मिस्त्री, सांग रं हिला.”

मिस्त्री खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. त्याची शेड कारभाऱ्याच्या जागेत होती.

“मला... ध्यानात न्हाई,” तो म्हणाला.

“बघा! कुनाच्या ध्यानात न्हाई, हिच्याच डोळ्यांना दिसलं. त्ये डोळंच तर वाईट हायती!”

लोक फिदीफिदी हसले. तेव्हाच बाई कमरेवर हात ठेवून ओरडली, की माझ्यावर कुणी विश्वासच ठेवत न्हाई. ओरडली, आणि एकदम गप्प झाली. तिला कळलं, ओरडून आपली फक्त जीभच लोकांना दिसते. तिने तोंड मिटलं आणि ती पाटापाशी गेली.

“हिकडं या समदी. म्या हात लावत न्हाई. तुमी बी लावू नका. निस्तं बघा.”

पाटावर हातोडा, पक्कड, पाने ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर कुंकवाचा गोल, कोरडा टिळा, सवाष्णीच्या कपाळावर असावा तसा. एकाच पान्यावर टिळा नव्हता. तिथलं कुंकू ओघळून खालच्या तांदळांवर उतरलं होतं.

“समदी अवजारं पुसून मांडली न्हवं? मग ह्या एकट्यानंच कुंकू का धरलं न्हाई?”

ड्रायव्हर वाकला. हात पाठीमागे बांधून त्याने वास घेतला. “डिझेल हाय,” तो म्हणाला. “वला पानाच पूजंला बसवलाय.”

“आसंल कुनाचा तरी तेलकट हात लागला,” कारभारी म्हणाला. पण आवाज आता खाली आला होता.

“आसंल, आसंल,” बाई म्हणाली, आणि तिने त्याच्या खांद्यावरचं पांढरंधोप उपरणं ओढलं. तो अरे, अगं म्हणेपर्यंत ती ट्रकपाशी होती. बॉनेट उघडायला लावून तिने ते उपरणं फिल्टरच्या आट्याभोवती गुंडाळलं. “डायवर, त्यो हातपंप दाब.”

ड्रायव्हरने पंप दाबला. उपरण्यावर ओला डाग पसरत गेला आणि त्यातून फसफस फेस वर आला.

“आटा ढिला हाय,” ड्रायव्हर म्हणाला. “हितनं हवा आत शिरलीया. पायपात हवा भरल्यावर डिझेल फुडं कसं सरकंल?”

तेव्हा कुठे मिस्त्रीचं तोंड उघडलं. “म्या म्हनलो हुतो वो, आटा ऱ्हायलाय. पूजा झाल्यावर आवळू म्हनलं, तर पाना पाटावर. मग भ्यालो.”

सूर्य डोंगराला टेकायला आला होता. पण आटा आवळायचा कशाने? गावात अवजारं तेवढीच, आणि ती सगळी पाटावर.

“रिवाज मोडायचा न्हाई,” कारभारी पुटपुटला.

मग पूजा सांगणारा म्हातारा गुरव पुढे आला. “रिवाज कोन मोडतंय? ह्या पान्याला कामावरनं अर्ध्यात उठवून आनलं. पूजा काम संपवून आलेल्याची आस्ती. ह्यानं तर कुंकू बी घेतलं न्हाई, बघा. ह्यो पाना पूजंला बसलाच न्हाई. न्या त्याला.”

मिस्त्रीने पान्याला हात जोडले आणि पाना उचलला. ड्रायव्हर पंप दाबत राहिला, हवा बाहेर फुसफुसत राहिली. फेस संपून नुसतं डिझेल यायला लागलं, तेव्हा मिस्त्रीने आटा करकचून आवळला. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. ट्रकने काळा धूर सोडला आणि तो असा गर्जला की पिंपळावरचे कावळे उडाले. दिवस मावळायच्या आत झेंडू वाटेला लागला.

आता चौकात सगळे कारभाऱ्याकडे बघू लागले. निवाडा त्याचाच होता. ज्याच्यामुळे अडला, त्याने गाव सोडायचं. तो डागाळलेलं उपरणं हातात धरून उभा राहिला. उद्या जातो, एवढंच म्हणाला.

बाई गुरवाकडे वळली. “गुरवकाका, त्याला सांगा, जायाचं न्हाई. गेला तर सुटला. हितंच ऱ्हायाचं, अन् दरसाली अवजारं मांडायच्या आदी ह्येच उपरणं खांद्यावर टाकून समद्यांला विचारायचं, ‘कुनाचं काम ऱ्हायलंय का?’ अन् त्या मिस्त्रीला सांगा, पहिलं उत्तर त्यानं द्यायचं. मोठ्यानं.”

तिने माफ केलं असं समजू नका. त्या दोघांशी ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. पण कारभारी दरवर्षी ते डागाळलेलं उपरणं घेऊन उभा राहिला, आणि दरवर्षी मिस्त्रीने सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं.

दुसऱ्याच्या नजरेत खोट शोधणाऱ्याने आधी आपल्या हातून काय अर्धं राहिलं ते बघावं.

त्या गावात अजूनही एखादी गाडी चालू झाली नाही, की चोर कोण, नजर कुणाची, असं कुणी विचारत नाही. “पाना कुणी वढला?” एवढंच विचारतात, आणि तो कारभारी कधीचा मेला तरी उत्तर तेच येतं: हैबतराव.