राजमातेची पणती

एका राज्यात, नदीपल्याडच्या महालात, राजमाता हेमावती एकटीच राहत असे. तिथली रीतच तशी. केस पांढरे झाले की राजघराण्यातल्या माणसानं पल्याड जावं, आणि बोलावल्याखेरीज कुणी त्याचा उंबरा ओलांडू नये. केवढा हा मान! आतून ‘ये’ आलं नाही म्हणून पूर्वी एक तहानलेला मांत्रिक दारातूनच परतला, आणि जाताना शाप देऊन गेला.

शाप असा, की इथं राहणाऱ्याचं बळ रोज पहाटे तेल होऊन एका पणतीत उतरे. जे काम करावं त्याला ते जळे. सूर्यास्ताआधी पणती विझली, की माणसाची शिळा होई. अंगणात सासूसासऱ्यांच्या दोन शिळा उभ्या होत्या.

हेमावतीला कामं तीनच. विहिरीचं पाणी ओढणं, चूल पेटवणं आणि जिना चढून खिडकीशी जाणं. पूर्वी तिन्ही उरकून तेल उरे. आता पाण्यालाच अर्धं जाई. मग ती चूल टाळी, उपाशी राही, खिडकी मात्र चुकवत नसे. संध्याकाळी पैलतीरावर तिचा मुलगा, राजा सुमंत, घोड्याला पाण्यावर आणी. तेवढंच त्याचं दर्शन. फार एकटं वाटे तिला.

एके दिवशी साळुंकी वार्ता घेऊन आली. “राजमाते, तुमची धाकटी बहीण गेली.”

हेमावती जागची हलली नाही. पण बसल्याबसल्याच पणतीतलं तेल तळाला गेलं. ऊन उतरलं तरी घागर रिकामीच होती.

“एकाच कामापुरतं उरलंय,” साळुंकी म्हणाली. “पाणी, चूल की खिडकी?”

“हाक मारायला किती लागेल?”

“तुम्ही कधी मारलीच नाहीत. मला काय ठाऊक?”

हेमावतीनं नदीकडे तोंड केलं. “सुमंता, मला पाणी ओढवत नाही रे!”

हे शब्द तिला घागरीहून जड गेले. पणती विझली.

पैलतीरावर आलेल्या सुमंतानं हाक ऐकली आणि घोडा नदीत घातला. उंबऱ्याशी मात्र थबकला. “आईसाहेब, आत येण्याची आज्ञा व्हावी.”

आज्ञा द्यायलाही तिच्यात बळ उरलं नव्हतं. ती गुडघ्यापर्यंत दगड झाली होती. सुमंत आज्ञेवाचूनच आत शिरला. त्यानं घागर ओढली आणि ओंजळीनं तिला पाणी पाजलं. तिचे पाय पुन्हा ऊबदार झाले. अंगणातल्या शिळा मात्र शिळाच राहिल्या. त्यांना फार उशीर झाला होता.

“इतकी वर्षं हाक का नाही मारलीत?”

“तू का नाही आलास?”

सुमंतानं तिच्यासाठी पुन्हा ओंजळ भरली.

रीत मोडली, तसा शापही सुटला. म्हातारपण काही शाप नव्हे, ते राहिलंच. हेमावती अजूनही दुपारीच दमते. पण घागर आता सुमंत ओढतो, आणि संध्याकाळी तिला खिडकीपर्यंत जावं लागत नाही.