चौथा पोचा

भांडी बोलायची त्या काळी भिकोबा तांबटाच्या कारखान्यात एक टोप घडला. रोमन शिपायाचा, पितळी. परदेशात हौशी माणसं जुन्या लढायांची सोंगं काढतात, त्यांच्यासाठी. जुना दिसावा म्हणून भिकोबाने नमुन्याबरहुकूम त्याला तीन पोचे पाडले आणि धुरावर धरून काळवंडवला.

तेव्हापासून टोप खुंटीवर डुलायचा. त्याला घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या, धुक्यातून उतरणाऱ्या फौजा दिसायच्या.

"हे तीन घाव मी रणात खाल्ले," तो म्हणायचा.

"मंगळवारी खाल्लेस, गाढवा! भिकोबाच्या हातोडीचे, माझ्यादेखत," खालचं घंगाळ खेकसायचं.

"मी उद्या पेटीत बसून माझ्या मुलखाला चाललो. तू बस लोकांना आंघोळी घालत."

पेटीत भरण्याआधी प्रत्येक टोप भिकोबा स्वतःच्या डोक्यावर चढवून बघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी याला चढवला, आणि माळ्यावरचा लोखंडी साचा निसटून थेट खाली आला. टोपाला वाटलं, कलंडावं, सुटावं. पण आत म्हाताऱ्याच्या टाळूची ऊब होती. तो गच्च बसून राहिला. खण्णकन आवाज झाला. भिकोबा वाचला.

माल परदेशी धाडणाऱ्या दलालाने टोप फिरवून पाहिला. "भिकोबा, नमुन्यात पोचे तीन. हा चौथा कुठला? नाही चालायचा." पेटी त्याच्याविना गेली.

संध्याकाळी घंगाळाने हळूच विचारलं, "काय रे, आज टापा नाही ऐकू येत?"

खाली भिकोबा नवं पितळ ठोकत बसला होता.

"गप जरा," टोप म्हणाला. "त्याचे ठोके ऐकतोय."