बुरुडाची तिसरी चोरी

फार पूर्वी शुभ्रावती नगरीत धृतवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी न्यायाधीश होता. त्या जन्मी त्याचे नाव सुचेत. चोराच्या कपाळावर डाग द्यायचा आणि तिसऱ्या चोरीला, मग ती सोन्याची असो की शेणीची, त्याला जन्मभर मिठाच्या खाणीत धाडायचे, असा तिथला कायदा होता.

एके दिवशी शिपायांनी कोंडक नावाच्या बुरुडाला बांधून आणले. दुष्काळात त्याने दोनदा धान्य चोरले होते. आता तो राजवनात बांबू तोडताना सापडला होता.

"बांबू कशाला रे बाबा?" सुचेताने विचारले.

"सुपं विणायला, धनी."

"मग विकत घ्यायचास."

"देतंय कोण? कपाळ बघितलं की दुकानाची फळी पडते. पैसे दाखवले तर म्हणतात, हे कुणाचे मारलेस?"

सुचेताच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस कष्टाने पोट भरू पाहतो आणि कायदा त्याला जिवंत गाडतो! कसला मेला हा न्याय! कोंडकाला घेऊन तो तडक राजापुढे उभा राहिला.

"महाराज, पहिल्या दोन चोऱ्या याच्या. तिसरी आपण करवून घेतली. कपाळावरचा डाग बघून याला पैसे देऊनही कुणी बांबू विकत नाही. ही शिक्षा मी देणार नाही."

सेनापती चंडकेतू खदखदून हसला. "मग चोराला पालखी धाडू का? अहो, खरे नाणे कुठेही चालते!"

"तर चालवून दाखवा."

राजाच्या आज्ञेने सेनापतीला जाडेभरडे नेसवले, कपाळावर काजळाने डाग काढला आणि कनवटीला नाणी देऊन बांबूच्या बाजारात पाठवले. तो परतला तेव्हा पागोटे गायब, पाठीवर शेण आणि हात रिकामे.

"मी सेनापती आहे म्हणून ओरडलो," तो धापा टाकत म्हणाला, "तर म्हणाले, आणि आम्ही इंद्राचे जावई!"

राजाला हसू आवरेना. मग त्याची नजर कोंडकाच्या कपाळावर गेली आणि हसू विरले.

"तुझे काजळ पुसले जाईल, चंडकेतू," तो हळूच म्हणाला.

त्याच दिवशी डाग देणे बंद झाले. प्रत्येक गुन्हा त्याच्या कारणासकट तोलावा, असा नवा कायदा झाला. तोडलेल्या बांबूंबद्दल कोंडकाने राजवनात रोपे लावावीत आणि पुढे त्याला रास्त भावाने बांबू मिळावा, असे ठरले.

एवढी कथा सांगून भगवान बुद्ध समोर बसलेल्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे हा आनंद. चंडकेतू म्हणजे देवदत्त. आणि कोंडक म्हणजे, पूर्वायुष्यात चोर होता म्हणून आज तुम्ही ज्याला दूर बसवलेत, तो हा नवा भिक्षू. सुचेत मीच होतो."

भिक्षूंच्या माना खाली गेल्या. मग ते सरकले आणि त्याला मध्ये जागा झाली.

पडलेल्याला उठायला जागा ठेवते, ती मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची पूर्णता.