गाडीखालचा गंज

वऱ्हाडातल्या एका गावात मोतीराम ढोले नावाचा एक चक्कीवाला होता. माणूस कष्टाळू, पण संशयी इतका की लग्नात अक्षता हातावर पडल्या तरी तांदूळ नवा की जुना, हे दाताखाली धरून बघायचा. कुणी रामराम केला, तर याचं आपल्याकडे काय काम असेल, असा विचार करायचा. कुणी केला नाही, तर यानं आपलं काय लांबवलं असेल, असा. बायको वच्छला त्याला समजावून समजावून थकली. पण स्वभावाला औषध नसतं.

चक्कीच्या मागे कडुनिंबाखाली एक जुनी अमेरिकन गाडी उभी होती. लांबलचक नाक, रुंद छाती आणि आत आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन. एके काळी ती गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या शेठची होती. ती रस्त्यावर आली की बैल बुजायचे आणि शाळेतली पोरं वर्ग सोडून खिडकीशी धावायची. त्या पोरांत मोतीरामही असायचा. पुढे जिनिंग बंद पडलं. शेठ गाव सोडून गेला आणि जाताना गाडी आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे मोतीरामच्या मामाला, देऊन गेला. मामाला तिचं पेट्रोल परवडेना. गाडी उभी राहिली ती राहिलीच. मामा गेल्यावर ती मोतीरामकडे आली, तोवर कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या होत्या. तरीही मोतीराम येता-जाता तिच्या बॉनेटवरून हात फिरवायचा. जगात एवढ्या एकाच वस्तूवर त्याचा संशय नव्हता.

अशात चक्कीची मोटर कुरकुरू लागली. दळण अर्ध्यावर असताना तापून बंद पडायची. नव्या मोटरीपुरते पैसे मोतीरामनं पोटाला चिमटा घेऊन मागे टाकले होते. नेमकं तेव्हाच त्याच्या कानावर आलं की, असल्या गाड्या नीट करून विकल्या, तर शहरातले हौशी लोक म्हणाल ती किंमत देतात. झालं. मोतीरामचं मन दोन्हीकडे ओढ घेऊ लागलं. मोटर घ्यावी, तर गाडी मातीत जाते. गाडी नीट करावी, तर चक्की बसते, आणि घर चालत होतं ते चक्कीवरच. वच्छला म्हणाली, आधी एखाद्या जाणत्याला दाखवा, मग काय ते ठरवा.

जाणता गावातच होता. कोल्हापूरचे दिनकर साळोखे गाड्या दुरुस्त करण्यात हयात घालवून आता लेकीकडे पाहुणे म्हणून आले होते. मोतीरामनं मोटरीची आणि पैशांची अडचण सांगून त्यांना बोलावलं खरं, पण साळोख्यांनी पैसे नकोत म्हटल्याबरोबर त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फुकट कुणी गाडीखाली लोळतं का? म्हणून साळोखे खाली शिरले, तेव्हा चहा सांगून येतो म्हणत तो उठला आणि भिंतीआड जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं साळोखे बाहेर आले. कपडे झटकून त्यांनी कोल्हापूरच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला.

"इंजिन झकास हाय. वरनं गाडीबी बरी दिसतीया. पण खाली नुसता गंज हाय बघ. मालकाला अजून ठावं न्हाई."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कोल्हापूरकडे लोखंडाला खातो तो गंज. वऱ्हाडात त्याला म्हणतात जंग, आणि गंज म्हणजे स्वयंपाकाचं पातेलं. दुधाचा गंज, वरणाचा गंज. दुसऱ्या अर्थाचा गंज मोतीरामनं कधी शाळेच्या पुस्तकात वाचलाही असेल. पण संशयी कानाला जो अर्थ हवा असतो, तोच आधी ऐकू येतो.

मोतीराम भिंतीला आणखी चिकटला. गाडीखाली पातेलं. शेठ जाताना रिकाम्या हातानं गेला, हे गावाला तेव्हाही खटकलं होतं. म्हणजे त्यानं डबोलं गाडीच्या पोटात जडवून ठेवलं होतं तर! आणि मालकाला ठाव नाही म्हणे.

तो पुढे आला, तेव्हा साळोखे जरा अवघडून म्हणाले, "मालक, एक सांगायचं हुतं. खाली..."

"खाली काय हाय, ते मले मालूम हाय," मोतीराम म्हणाला.

साळोख्यांना हायसं वाटलं. वाईट बातमी सांगायची वेळ टळली. ते म्हणाले, "मग बरंच झालं. तुमच्या एवढ्या पैशात ही गाडी नीट व्हायची न्हाई. इंजिन तेवढं इका, त्याला गिऱ्हाईक मी बगतो. त्यात तुमची मोटर येऊन वर चार पैसे उरतील. सांगाडा मी भंगारात पोचवतो. तुमचा ताप वाचंल."

सांगाडा मी पोचवतो. मोतीरामला आता पुरावाच मिळाला. आवळा देऊन कोहळा काढायचा डाव होता हा! चहा येण्याआधीच त्यानं साळोख्यांची बोळवण केली. वच्छलानं विचारलं, तर म्हणाला, गाडी नीट करायची ठरवली आहे. बायकोलाही त्यानं खरं सांगितलं नाही. बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही, हा त्याचा आणखी एक संशय.

गाडी ढकलत ढकलत चक्कीत आणली. पुढची चाकं काढून गाडी विटांवर टेकवली. दारं आतून लावली. दळणाचे डबे घेऊन बाया यायच्या, दार वाजवायच्या आणि माघारी जायच्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी चक्की झाली होती, तिकडे त्यांची पावलं वळली. मोटरीचे पैसे पत्रा कापणाऱ्याच्या मजुरीत आणि गॅसच्या टाक्यांत जाऊ लागले. पत्रा कापणाऱ्यावरही मोतीरामचा डोळा होताच. एकालाच सगळं कापू दिलं, तर त्याला सुगावा लागेल. म्हणून एक माणूस दरवाजे कापून गेला, दुसरा मागची बाजू, तिसरा अर्धा तळ. प्रत्येकाची मजुरी वेगळी. आणि दर वेळी काही मिळालं नाही, की त्याचा विश्वास वाढायचा. एवढं कसून लपवलंय, म्हणजे ऐवजही तसाच असणार.

वच्छला दाराबाहेरून म्हणाली, "अजी, त्या साळोख्यांले एक डाव इचारून त पाहा."

"चोराले इचारू का, चोरी कोठी ठेवली म्हनून?" आतून उत्तर आलं.

शेवटी इंजिनाजवळचा तळ तेवढा राहिला. तिथे मात्र त्यानं कुणालाच हात लावू दिला नाही. स्वतः छन्नी-हातोडा घेऊन बसला. चार घाव घातले. पाचव्या घावाला आतून पोखरलेला सांगाडा मधोमध मोडला. मोतीराम बाजूला सरकला म्हणून वाचला. ते दांडगं इंजिन विटांसकट खाली आलं आणि जमिनीत रुतलेल्या, चक्कीच्या जुन्या दगडावर आदळून तडकलं.

आवाज ऐकून वच्छला धावली. तिच्या पाठोपाठ साळोखेही आत आले. ते खुशखबर घेऊनच निघाले होते, कारण कोल्हापूरच्या माणसानं इंजिनाला चांगली किंमत कबूल केली होती. तडकलेलं इंजिन पाहून ते मटकन खाली बसले.

मोतीराम लाल भुकटीत माखून उभा होता. "खरं सांगा साळोखे, गंज कोठी हाय?"

साळोख्यांनी जमिनीवरची मूठभर भुकटी उचलून त्याच्यापुढे धरली. "ह्यो काय."

"हा त जंग होय."

"तुमच्याकडं जंग म्हनत असतील. आमच्याकडं ह्यालाच गंज म्हनत्यात."

तेव्हा मोतीरामला एकदम आठवलं की, साळोखे त्या दिवशी सांगतच होते आणि आपण त्यांना 'खाली' या शब्दापुढे जाऊ दिलं नव्हतं. तो लहान मुलासारखा रडू लागला. मोटरीचे पैसे गेले होते. जिच्यावर जीव होता, ती गाडी त्यानं आपल्याच हातानं तुकडे करून टाकली होती. आणि ज्याला चोर म्हटलं, तो समोर त्याच्याइतकाच हळहळत बसला होता.

संध्याकाळच्या भाकरीला घरात पीठ नव्हतं. वच्छलानं ज्वारीचा डबा डोक्यावर घेतला, पदर सारखा केला आणि ती चक्कीवाल्याची बायको सगळ्या गावादेखत दुसऱ्याच्या चक्कीवर दळायला निघाली.

तात्पर्य: सावध माणूस आधी विचारतो आणि मग ठरवतो, संशयी माणूस आधी ठरवतो आणि मग विचारतो, पण तोवर विचारून उपयोग उरलेला नसतो.