जांभळाच्या खोडातलं रिकामं घर

जांभळाचं झाड कमरेएवढं होतं, तेव्हाची गोष्ट. त्याच्या खोडातली एक पेशी कायम गजबजलेली असायची. तंतुकणिका दिवसभर चूल पेटती ठेवायची. केंद्रक ज्याला त्याला कामं सांगायचं. मधोमध रिक्तिका पाण्याने टम्म फुगून बसायची आणि सगळ्यांना कवेत घेऊन भित्तिका उभी असायची.

एके दिवशी शेंड्याकडून निरोप आला. वर पानं सुकत होती, पाण्याला वाट हवी होती.

"आपल्याला घर मोकळं करावं लागेल," केंद्रक म्हणालं. "रिक्तिका फुटेल आणि तिच्या पाण्यात आपण विरघळून जाऊ. त्याआधी भित्तिकेला जाड लिंपून ठेवू, म्हणजे ती टिकेल."

भित्तिका रागावली. "मला एकटीला मागे ठेवू नका. रिकाम्या घराची राखण कशाला करू?"

तंतुकणिकेने उरलंसुरलं सरपण चुलीत घातलं, सगळ्यांनी मिळून भित्तिका लिंपली, आणि मग रिक्तिका फुटली.

आज जांभूळ कौलांच्याही वर गेलंय. शेजारची कोवळी पेशी कधीमधी विचारते, "मावशी, तुम्हाला करमतं का हो?"

"चुलीची ऊब आठवते गं," भित्तिका म्हणते. "केंद्रकाची सारखी कटकट असायची, तीसुद्धा आठवते."

तेवढ्यात खालून पाणी येतं आणि तिला घासून वर जातं.

"तुलाही निरोप येईल," ती हळूच म्हणते. "तेव्हा तुझ्या भित्तिकेला एवढं सांगून जा, शेजारी मी आहे."