शालीखालचा डबा

“बुवा, हे ऐन पदात का मरतं?”

संगणकाचा पडदा काळा झाला होता. श्रीरंग त्याच्यासमोर हात चोळत बसला होता.

निंबाबुवांना धाप लागली होती.

मठ टेकडीवरचा. बुवांना त्यांच्या गुरूंची पदं पाठ होती, ती कुठे लिहिलेली नव्हती. बुवा आता थकले होते. ते जाण्याआधी सगळी पदं त्यांच्याच आवाजात संगणकात भरून घ्यायची, म्हणून श्रीरंग शहरातली नोकरी सोडून आला होता. माणूस शिकलेला. बुवा त्याचे गुरू, त्यांच्यावर जीव. ऐकून घ्यायची सवय तेवढी नव्हती.

रोज तेच व्हायचं. बुवा गायला लागायचे. थोड्या वेळानं पडद्यावरचा बाण जागीच थिजायचा. मग संगणकाचा डबा आपोआप बंद. भरलेलं पद गेलं.

“विंडोज नव्यानं टाकली. वायर बदलली. व्हायरस शोधला. तालुक्याहून माणूस आणला. तो डबा उघडून बसला, तर दुपारभर नीट चाललं.”

“पाहुण्यांसमोर शहाणं वागतं,” बुवा म्हणाले. “तुझ्यासारखं.”

श्रीरंग हसला नाही.

“मी काय कमी केलं, बुवा? शेळ्यांचा आवाज नको म्हणून खिडकी लावतो. बायका येऊन बसतात म्हणून दार लावतो. डब्यातला पंखा घरघरतो, तोही पदात यायला नको. म्हणून तुमची सत्काराची शाल त्याला गुंडाळतो. याहून किती जपायचं?”

“आणि मला?”

“तुम्हालाही जपतो.”

बुवांच्या अंगावर दुसरी शाल होती. गळ्याशी घट्ट आवळलेली. कपाळावरून घाम ओघळत होता.

“जपतोस…”

“जपतोच.”

बुवांनी त्याचा हात धरला. आधी आपल्या छातीवर ठेवला. मग तसाच धरून डब्याच्या शालीखाली नेला.

श्रीरंगानं चटकन हात मागे घेतला. डबा तव्यासारखा तापला होता.

श्रीरंग उठला. डब्याची शाल सोडू लागला.

“आधी म्हाताऱ्याची सोड,” बुवा म्हणाले.

त्यानं दोन्ही सोडल्या. खिडकी उघडली. वारा आत आला. बुवांनी मोठा श्वास घेतला.

डबा निवेपर्यंत दोघं बसून राहिले. मग श्रीरंगानं तो सुरू केला. पंखा घरघरू लागला. बुवांनी डोळे मिटले.

“भरली घागर, सरली वाट…”

श्वास तुटला. पुढची ओळ येईना.

श्रीरंगानं पडद्याकडे पाहिलं. डबा चालू होता. बुवाच थांबले होते.

तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला.

“उतरून घ्याया कोण उभं?”

रोज पदं ऐकायला येणाऱ्या सगुणाकाकूचा आवाज. सकाळी श्रीरंगानंच तिला दारातून परत पाठवलं होतं. ती गेलीच नव्हती. बायकांना घेऊन पायरीवर शेंगा सोलत बसली होती.

बाकीच्यांनी ओळ उचलली. मागे एक शेळी ओरडली. बुवा हसले आणि त्यांच्यात मिसळून गेले.

श्रीरंगाचा हात भरणं थांबवायच्या बटणाकडे गेला… तिथेच राहिला.

कडवं संपलं.

“बुवा, सगळ्यांचा आवाज आत आला.”

बुवांनी कोपऱ्यातले टाळ त्याच्यापुढे सरकवले.

“तुझाच राहिला, बाळा.”